सहा दिवसांचा खाडा

सातपूर कॉलनीतल्या पगारेंच्या घरात ओट्याशेजारी पाण्याचं एक स्टीलचं पिंप आहे. वीस लिटरचं, तोटीवालं. पोटावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलंय : 'श्री. सहादू भिका पगारे यांस, बिनखाडा हजेरीबद्दल, १९९३.' पाहुण्याला पाणी देताना पेला अशा बेताने धरायचा, की पाहुण्याची नजर त्या अक्षरांवरूनच पेल्याकडे यावी, ही कला पगारेंना साधली होती. एखादा नुसतंच पाणी पिऊन उठला, तर पगारेंच्या मनात त्याची नोंद 'लक्ष नसलेला माणूस' अशी व्हायची, आणि ती सहसा पुसली जात नसे.

चौतीस वर्षं ते कारखान्याच्या टाइम ऑफिसात होते. कोण आला, कोण नाही, ते मस्टरवर मांडायचं, एवढंच काम. नाव तीनदा पुकारायचं. तिसऱ्या हाकेलाही 'हजर' आलं नाही, की चौकोनात लाल शाईची फुली. ती फुली म्हणजे खाडा. एकदा पडला की पडला; मॅनेजरच्या मेहुण्यालाही सुटका नव्हती. एका फिटरची आजी तीनदा वारली, तेव्हा पगारेंनी जुनी मस्टरं काढून त्याला आधीच्या दोन्ही तारखा दाखवल्या आणि विचारलं, "या वेळी नक्की ना रे? म्हणजे पक्क्या शाईने लिहितो." फिटर दुसऱ्या दिवशी वेळेवर आला. आजीही आली असती, असं कामगार म्हणायचे.

घरीही तोच कारभार, फक्त गमतीचा. जेवायला बसलं की पगारे ताटाच्या काठावर चमचा वाजवायचे. "यशोदाबाई पगारे?" बायको वैतागून म्हणायची, "हाय ना! भाकरी काय आपोआप येती का?" मग "राखी पगारे?" आणि चार वर्षांची राखी पाटावर उभी राहून ओरडायची, "हजर, सर!" एकुलती एक पोर. तिच्या त्या ओरडण्यासाठी पगारे कधीकधी मुद्दाम तिसऱ्या हाकेपर्यंत बहिरे व्हायचे.

दहा वर्षांपूर्वी, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असताना, राखी भर तासाला उठून उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "हजर." हजेरी होऊन अर्धा तास झाला होता. पोरं हसली. पुढच्या आठवड्यात ती सिटी बसमध्ये म्हणाली. मग विहारात, वंदना चालू असताना म्हणाली, तेव्हा कुणी हसलं नाही. तिला कुणीतरी पुकारत होतं. पुरुषाचा आवाज, तीन हाका. ओ दिली नाही तर शिव्या. सरकारी दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. मग राखीला विचारलं, "आवाज ओळखीचा वाटतो का?" राखीने जमिनीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, फक्त वडिलांकडे पाहिलं नाही. पगारेंना कळायचं ते कळलं. त्या दिवसापासून घरातली हजेरी बंद झाली.

पण सवयीचा माणूस हाताला दुसरं काम शोधतोच. पगारेंनी दोनशे पानी वही आणून रकाने पाडले : गोळी, झोप, आंघोळ, आवाज. गोळी घेतली की 'ह'. आवाज आला नाही, की त्याच्या रकान्यात लाल फुली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कुणाचा खाडा पडलेला बघून बरं वाटत होतं. पण तो गडी पक्का होता. महिन्याकाठी चार-पाच खाडे, त्यावर नाही.

नातेवाइकांची हजेरी मात्र वहीत न मांडताही डोळ्यांना दिसत होती. पहिल्या वर्षी बावीस जण येऊन गेले, प्रत्येकाकडे एकेक इलाज. दुसऱ्या वर्षी नऊ. आता मेहुणा रावजी तेवढा चौदा एप्रिलला येतो, चपला न काढता दारातूनच "जय भीम, बरंय ना?" विचारतो आणि उत्तराच्या आत निघतो. भिंतीवर बुद्ध-बाबासाहेब असलेल्या घरांतूनही लिंबू-मिरचीचे सल्ले आले. सगळ्यांत पक्की नोंद केली ती पगारेंच्या आईने, नवसाबाईने. वारण्याच्या आधी चार दिवस ती सुनेला म्हणाली, "आमच्या सात पिढ्यांत असं नव्हतं. तुझ्या पोटातूनच आलंय हे." यशोदाबाई तेव्हा तिचे पाय चेपत होत्या. त्या चेपतच राहिल्या. पगारे दारात उभे होते. त्यांनी ऐकलं, आणि पिंपात पाणी आहे का ते बघायला आत गेले.

यंदा उन्हाळ्यात ओपीडीत नवी डॉक्टर आली. डॉ. आफिया. मालेगावची, वडिलांचे चार माग. पगारेंची वही तिने उभ्या-उभ्या अर्धा तास चाळली.

"काका, अशी वही आमच्या दवाखान्यातही कुणी ठेवत नाही."

"ते दिसतंच आहे," पगारे म्हणाले, पण मनातून फुलले.

तिने सांगितलं की एक अभ्यास चालू होतोय. नेहमीच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत, एकही नाही. त्यांच्या जोडीला दाह कमी करणारी एक गोळी देऊन बघायची. पण सगळ्यांना नाही. रक्तात दाहाची खूण ठरावीक आकड्याच्या वर असेल, त्यांनाच.

"दाह म्हंजे? जळजळ?" यशोदाबाईंनी विचारलं.

"काकू, आमच्या गल्लीत एकदा मागाच्या शेडला आग लागली. जळाला एकच माग. पण बंबवाल्यांनी इतकं पाणी मारलं, की शेजारच्या तीन शेडमधलं कापड भिजून वाया गेलं. आता बंबवाल्यांची चूक म्हणायची का? त्यांचं कामच ते. शरीरातही असे बंबवाले असतात. जंतू शिरले, जखम झाली की धावतात. काही माणसांत आग विझली तरी बंब परत जात नाही, पाणी चालूच. मेंदूपर्यंत त्याचा ओलावा पोचतो, असं काही तज्ज्ञांना वाटतं."

"सगळ्या पेशंटना?" पगारेंनी विचारलं.

"नाही काका. काहींनाच. आणि आधी आजार की आधी दाह, तेही अजून नक्की नाही. नक्की असतं तर अभ्यास कशाला केला असता?"

पगारेंनी शेवटचं वाक्य ऐकलं नाही. दहा वर्षांत पहिल्यांदा या आजाराला आकडा मिळणार होता. आकडा म्हणजे वर-खाली होणारी गोष्ट, आणि जी वर-खाली होते ती माणसाच्या हातात असते, यावर त्यांची चौतीस वर्षांची श्रद्धा होती. त्या आठवड्यात ते मंगलाबाईंच्या दारात दोनदा थांबले आणि दोनदा म्हणाले, "आता कारण सापडतंय." मंगलाबाई शेजारच्या, राखीच्या जन्माआधीपासूनच्या. त्या म्हणाल्या, "सापडू दे भाऊ. सापडल्यावर काय करता, ते बी बघून ठेवा."

ठरल्या दिवशी तिघं गेले. राखीचं रक्त घेतलं. मग आफियाने पगारेंच्या हातात चार पानी फॉर्म दिला आणि यशोदाबाईंना आतल्या खोलीत नेलं. आईची माहिती वेगळी घ्यायची, अशी पद्धत होती. पगारे बाकावर बसले, खिशातली दोन्ही पेनं काढली आणि लिहू लागले. अक्षर छापल्यासारखं. सतराव्या प्रश्नापर्यंत एक खाडाखोड नाही.

सतरावा प्रश्न : 'मातेला गरोदरपणात तीव्र ताप किंवा संसर्ग? असल्यास महिना, दिवस.'

पगारेंचं पेन थांबलं.

डिसेंबर १९९३. यशोदाबाईंना सातवा महिना. पहिलटकरीण माहेरी जायची, म्हणून त्यांना पिंपळगाव बसवंतला पोचवायचं होतं. सासुरवाडीला एक मुक्काम करायची रीत, तेव्हा साप्ताहिक सुट्टीला जोडून एक दिवसाची रजा लागत होती. पण रजा घेतली, की बिनखाडा हजेरी मोडली. जानेवारीपासून एकही खाडा नव्हता, वर्ष संपायला तीन आठवडेही उरले नव्हते. "एक तारखेला नेतो," पगारे म्हणाले. "पोर काय पळून जातंय?" आणि मग ताप आला. पहिल्या दिवशी अंग कोमट. दुसऱ्या दिवशी दात वाजायला लागले. चौथ्या दिवशी यशोदाबाई भिंतीशी बोलत होत्या. पगारे रोज सकाळी सायकल काढताना म्हणायचे, "मंगलाबाई, जरा लक्ष असू द्या." लक्ष होतं, मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या त्यांनीच ठेवल्या. सातव्या दिवशी कारखान्याची साप्ताहिक सुट्टी होती. त्या दिवशी पगारेंनी बायकोला दवाखान्यात नेलं. डॉक्टर ओरडले, "इतक्या उशिरा?" पगारे म्हणाले, "कालच चढला."

जानेवारीत पिंप मिळालं. मार्चमध्ये राखी झाली, गुटगुटीत. ताप विसरला गेला. म्हणजे पगारे तसं समजत होते.

आता त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि लिहिलं, 'नाही.'

"पप्पा," शेजारी बसलेली राखी म्हणाली, "तो विचारतोय, आई आत काय सांगतेय?"

"त्याला म्हणावं, बाहेर थांब."

"म्हटलं. तो म्हणतो, मस्टर बंद ठेवता येत नाही." राखीने बाहीच्या टोकाला पीळ दिला. "तुम्ही हजेरी का बंद केलीत? तुमची बरी होती. तुम्ही हसायचात."

पगारेंनी फॉर्मची घडी घातली, उलगडली, परत घातली.

आपला कागद घेऊन आफिया बाहेर आली, मागून यशोदाबाई. पगारेंच्या हातातला फॉर्म घेऊन तिने दोन्ही कागद शेजारी-शेजारी धरले. "काका, एका ठिकाणी मेळ बसत नाहीये. काकू म्हणतात, सातव्या महिन्यात सहा दिवस ताप होता. तुम्ही नाही लिहिलंय."

चौतीस वर्षांत हे वाक्य पगारेंनी दुसऱ्यांना ऐकवलं होतं. आपल्याला ऐकू आल्यावर ते कसं लागतं, हे कळायला म्हातारपण यावं लागलं.

यशोदाबाई पदर सावरत पुढे आल्या. "मग माझंच चुकलं आसंल, बाई. मी तापात होते, मला काय समजतंय? यांचं लिव्हलेलं कवा चुकत नाय. माझं खोडा."

यात टोमणा असता, तर पगारेंनी झेलला असता. तेहेतीस वर्षांच्या संसारात त्याचा सराव झाला होता. पण टोमणा नव्हताच. बाई खरंच तसं मानत होती. सासूचं 'तुझ्या पोटातूनच आलं' हे जिने ऐकलं आणि मानलं, ती आपल्या अंगातला ताप खोडायला तयार होती. का, तर नवऱ्याच्या वहीत तो नाही म्हणून.

"द्या इकडे," पगारे म्हणाले. त्यांनी 'नाही'वर आडवी रेघ मारली, शेजारी 'होय' लिहिलं. 'सातवा महिना. सहा दिवस.' खाडाखोडीखाली सही करायची असते, तशी केली. मग फॉर्ममध्ये ज्याला जागाच नव्हती, असं काहीतरी समासात लिहिलं आणि कागद आफियाला दिला. तिने वाचलं : 'पती कामावर होता. दवाखान्यात नेले नाही.'

ती बाकावर पगारेंच्या शेजारी बसली. "काका, हे नीट ऐका. हा प्रश्न आम्ही सगळ्यांना विचारतो. असे ताप आलेल्या आयांच्या मुलांत हा आजार थोडा जास्त दिसतो, हजारोंची मोजणी केली की मग दिसतो. पण ताप आलेल्या बहुतेक आयांची मुलं ठणठणीत असतात. आणि इथे येणाऱ्या कितीतरी जणांच्या आयांना साधी सर्दीसुद्धा झाली नव्हती. हा गर्दीचा हिशोब आहे. एका माणसाचा त्यातून निघत नाही."

"म्हणजे झालंय की नाही, त्यामुळे?"

"सांगता येत नाही."

"कधीच?"

"राखीच्या बाबतीत? नाही, काका. कधीच."

पगारेंना वाटलं, हिने 'हो' म्हटलं असतं तर बरं होतं. फुली पडली असती. 'नाही' म्हटलं असतं तर त्याहून बरं. पण चौकोन कोराच ठेवायचा, आणि मस्टर मिटायचं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

रिक्षात राखी मधे बसली होती. त्र्यंबक नाक्याच्या सिग्नलला रिक्षा थांबली, तेव्हा यशोदाबाई समोर बघतच म्हणाल्या, "ताप येण्याआधी मी गोधड्या धुतल्या व्हत्या. चार. थंडीची. मंगलाबाई नको म्हणत व्हत्या. मला वाटलं, माहेरी जायच्या आधी घर स्वच्छ करून जावं." थोड्या वेळाने म्हणाल्या, "मी कुणालाच सांगितलं नाय. इतकी वर्षं मनात तेच, की गोधड्यांनी झालं."

"गोधड्यांनी नाही होत काही."

"मग कशानं?"

सिग्नल सुटला. पगारे म्हणाले, "मी त्या दिवसांत घरी थांबायला पाहिजे होतं."

त्यांना वाटलं होतं, ती म्हणेल, जाऊ द्या, तुमची नोकरी होती. बायका असं म्हणतात. यशोदाबाई म्हणाल्या, "हो."

एवढंच. रागाने नाही, रडून नाही. मस्टरवर सही करावी तसं. राखीने एका हातात आईचा हात घेतला होता. दुसरा हात तिने काही वेळाने वडिलांच्या गुडघ्यावर ठेवला आणि सातपूर येईपर्यंत काढला नाही.

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. आकडा अगदी सामान्य होता. ठरवलेल्या रेषेच्या बराच खाली.

"राखी या गटात बसत नाही," आफिया म्हणाली. "सॉरी, काका. नव्या गोळीचा तिला उपयोग होईल असं वाटत नाही. तिच्या जुन्या गोळ्याच चालू ठेवू."

"म्हणजे दाह नाहीये. मग तापाचंही..." पगारे टेबलावर वाकले.

"आजचा आकडा आजचं सांगतो. एकतीस वर्षांपूर्वीचं नाही सांगत. ना तुमच्या बाजूने, ना विरुद्ध."

पगारेंनी मान डोलावली. कारण शोधायला म्हणून गेले होते. औषध हुकलं, कारण हुकलं, आणि जे सापडलं ते परत ठेवून यायची सोय नव्हती. घरी येताना मंगलाबाई दारात भाजी निवडत होत्या. त्यांनी विचारलं नाही. पगारेही थांबले नाहीत.

त्या संध्याकाळी पगारेंनी ओट्याशेजारचं पिंप उचलून माळ्यावर टाकायचं ठरवलं. अर्धं भरलेलं होतं, कंबर कडकली.

"ठेवा खाली!" यशोदाबाई म्हणाल्या. "कुठं चालवलंय?"

"नको ते डोळ्यांसमोर."

"डोळ्यांसमोर नको, मग पाणी काय नळाला तोंड लावून प्यायचं? पोरीची गोळीची येळ झाली." त्यांनी तोटीखाली पेला धरला. पाणी पडू लागलं. "पिंपानं काय केलंय? ते गळत बी नाय."

राखीने गोळी घेतली. पगारेंनी वही उघडून 'ह' लिहिला. जेवायला तिघं बसली. मेथीची भाजी, भाकरी. पगारेंनी पहिला घास मोडला, तोच ताटाच्या काठावर चमचा वाजला.

त्यांनी दचकून पाहिलं. चमचा राखीच्या हातात होता.

"यशोदाबाई पगारे?"

यशोदाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, मग लेकीकडे. "हाय ना," त्या हळूच म्हणाल्या. "भाकरी काय आपोआप येती का?"

राखी हसली. बऱ्याच महिन्यांनी ती हसली होती, आणि ते मांडायला वहीत रकाना नव्हता. तिने चमचा परत वाजवला.

"सहादू पगारे?"

पगारेंच्या तोंडात घास होता. त्यांनी तो गिळला. शब्द एकच होता, तीन अक्षरी. हजारो माणसांच्या तोंडून त्यांनी तो रोज काढून घेतला होता.

"सहादू पगारे?"

यशोदाबाई भाकरीचा तुकडा भाजीत बुडवून तशाच थांबल्या होत्या.

राखीने वाट पाहिली. वडील पाहायचे तशीच, मान थोडी तिरकी करून. मग तिसऱ्यांदा पुकारलं. पगारेंचे ओठ हलले, आवाज आला नाही. डोळ्यांतलं पाणी मिशीत उतरत होतं, आणि ते पुसायला हात वर जात नव्हता.

राखीने शेजारची वही ओढली, लाल पेन उचललं. गोंधळून आईकडे पाहिलं. "आई, पप्पांचा खाडा लावू?"

यशोदाबाईंनी तुकडा ताटात ठेवला. बराच वेळ त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या, जणू समोर बसलेला माणूस नक्की तोच आहे का, ते ताडून बघत होत्या.

"आजचा नको," त्या म्हणाल्या. "आज हायेत घरी."